एक एकर घरच्या ताटासाठी



लातूर-धाराशिवकडच्या माणसाला येळवस म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. इतर भागांतल्या वाचकांसाठी सांगतो. मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे वेळ अमावस्या, तीच येळवस. त्या दिवशी गाव ओस पडते आणि शिवार माणसांनी फुलते. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, तीत पांडवांची पूजा मांडायची आणि मग साऱ्या गणगोतासह पंगत बसवायची. पानात काय असते? ताकातली ज्वारीची आंबील, बाजरीचे उंडे आणि भज्जी. भज्जीत तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, मेथी, पालक, चाकवत, गाजर, वांगे, असे रानात जे जे असेल ते ते पडते. शेतात त्या साली काय काय पिकले, त्याचा हिशेबच म्हणा ना ही भज्जी!

काही वर्षांपूर्वी औसा तालुक्यातल्या एका गावात मला येळवशीचे आवतण होते. पाच एकरांचे कुटुंब, माणसे प्रेमळ. कोप छान सजवलेली होती, पण तिच्या पेंढ्या शेजारच्या गावाहून विकत आणलेल्या. भज्जीही झकास होती, पण तिचे सारे सामान आदल्या दिवशी बाजारातून आलेले. वाढता वाढता घरातली म्हातारी एवढेच म्हणाली, "रान आपलं अन् भज्जी बाजाराची. पांडवांनी काय म्हणावं?"

पंगत हसली. मला मात्र हसू आले नाही. त्या रानात ज्वारी-तुरीची इरवड मोडून सगळे सोयाबीन करा, असे त्या माउलीच्या मालकाला पंचवीसएक वर्षांपूर्वी बांधावर उभे राहून सांगणारा माणूस मीच होतो.

आमचे कुठे चुकले?

सोयाबीन वाईट, असे मी म्हणत नाही. त्या पिकाने घरात रोख पैसा आणला. मुलांच्या फीया भरल्या, लेकींची लग्ने झाली, घरावर स्लॅब पडली. चूक पिकाची नव्हती, आमची होती. आम्ही विस्तार कार्यकर्ते एकरी किती क्विंटल एवढेच विचारीत आलो. चावडीवर सभा घेतली, पुरुषांशी बोललो, पत्रके वाटली आणि निघालो. दाराआड उभी राहून ऐकणारी घरधनीण, जिला रोज सांज-सकाळ चूल पेटवायची असते, तिला आम्ही कधी विचारलेच नाही, "बाई, तुझ्या घराला वर्षाला डाळ किती लागते? ज्वारी किती? जनावराला कडबा किती?"

१९८०च्या सुमारास महाराष्ट्रात ज्वारीखाली साठ लाख हेक्टरांहून अधिक जमीन होती. आज तिच्या निम्म्याहूनही पुष्कळ कमी आहे. ज्वारी गेली, तिच्याबरोबर इरवडीची तूर, मूग, मटकी, अंबाडी गेली, बांधावरची करडई गेली. कडबा गेला म्हणून बैल गेले, गाय-म्हैस गेली, आणि जनावर गेले म्हणून शेणखत गेले. शेणखत गेल्यावर जमिनीचा पोत उतरला आणि खताच्या पोत्यांची संख्या चढली. एक दोरा ओढला की गोधडी उसवते, तसे झाले.

ठोकीने विकतो, किरकोळीने घेतो

आता पैशाचे बघू. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. आपल्या भागातल्या अनेक बाजार समित्यांत ते ४,००० ते ४,३०० च्या घरात विकले गेले, हे तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. समजा, एकरी सहा क्विंटल झाले आणि ४,२०० भाव मिळाला, तर हाती येतात २५,२०० रुपये. यातून बियाणे, खत, फवारणी, काढणी आणि मळणी वजा करा. उरेल त्यातून वर्षाची तूरडाळ, मूगडाळ, तेल, भाजी आणि गाईचा कडबा विकत आणा. एकदा हा हिशेब वहीत मांडून पाहाच. ही बेरीज मी करून देत नाही. ती नवरा-बायकोने शेजारी बसून केली म्हणजे मनाला पटते.

आपण माल ठोकीने विकतो आणि आपलाच जिन्नस किरकोळीने विकत घेतो. जाताना भाव दुसरा ठरवतो, येतानाही दुसराच ठरवतो. गिऱ्हाइकाने दिलेल्या रुपयातला आपल्या पदरात किती पडतो? रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये हा हिशेब काढला. शेतकऱ्याला टोमॅटोत रुपयातले सुमारे ३३ पैसे, कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७ पैसे मिळतात, असे त्यांना आढळले. बाकीचे वाटेत जातात. ही वाट सरळ व्हावी म्हणून बाजार सुधारला पाहिजे, शेतकऱ्यांच्या कंपन्या उभ्या राहिल्या पाहिजेत, हमीभावाने खरेदी वेळेवर झाली पाहिजे. त्यासाठी भांडावे लागेल आणि ते भांडण लांबचे आहे. पण जो दाणा आपल्याच चुलीवर शिजतो, त्याला ना आडत लागते, ना हमाली, ना गाडीभाडे. त्याच्या रुपयातले शंभर पैसे घरातच राहतात.

भाकरी गेली, रक्तही गेले

गोष्ट केवळ पैशाची असती, तर मी एवढे लिहिले नसते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्ताने कमी आढळल्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ६८.९ टक्के होते. तुमच्या वाड्यात चार बायका असतील, तर त्यांतल्या दोघींची ही कथा आहे. "जिना चढताना दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते" हे आपण रोज ऐकतो आणि "बाईमाणसाचं चालायचंच" म्हणून सोडून देतो.

रेशनला मी नावे ठेवणार नाही. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेला लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर दिवस काढलेल्या घरातला मी आहे. अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली आला, आणि १ जानेवारी २०२३ पासून कायद्याखालच्या कुटुंबांना माणशी महिना पाच किलो धान्य मोफत मिळते. हा मोठाच आधार आहे. पण ते धान्य बहुतेक करून गहू आणि तांदूळच असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या तक्त्यांप्रमाणे शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, पांढऱ्या तांदळात तीन ग्रॅमही नसतात. ज्वारीत लोह चार मिलिग्रॅमच्या जवळ, बाजरीत सहाच्या वर, तर पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमदेखील नाही. पोट दोन्हींनी भरते, अंग मात्र सारखे भरत नाही.

मात्र नुसत्या भाकरीने रक्त वाढते, असेही समजू नका. बरोबर डाळ आणि पालेभाजी हवी, वर लिंबू पिळायला हवे, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. गरोदर बाईने आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत. बाकीचे काम ताटातल्या विविधतेचे आहे, आणि ही विविधता रानात पेरावी लागते.

२०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून शहरातल्या मोठ्या दुकानांत ज्वारीची बिस्किटे आणि बाजरीचे लाडू चकचकीत खोक्यांतून मिळतात. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चांगलेच झाले. पण पिकवणाऱ्याच्या घरात भाकरीची परात कोरडी आणि खाणाऱ्याच्या घरात डॉक्टर सांगतात म्हणून भाकरी, हा न्याय कुठला?

बायकांनी मागितलेला एकर

यावर उपाय मी शोधलेला नाही. तो मराठवाड्यातल्या बायकांनी दाखवला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या पुनर्वसनाच्या कामात स्त्रियांना पुढे आणणारी स्वयम् शिक्षण प्रयोग नावाची संस्था आहे. पुढे एकामागून एक दुष्काळ पडले. २०१६ च्या उन्हाळ्यात तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा दिवसांत या संस्थेबरोबरच्या बचत गटांतल्या बायकांनी घरात एक साधी मागणी केली: "सगळं रान तुम्ही करा, पण अर्धा-एक एकर माझ्या हाती द्या. त्यात काय पेरायचं ते मी ठरवीन." त्या तुकड्यात त्यांनी धान्य, कडधान्य आणि भाजीपाला मिसळून घेतला. पाणी बेताचे, खत घरचे, बियाणे शक्यतो घरचे. आधी घरी खायचे आणि उरेल ते आठवडी बाजारात विकायचे. २०१७ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

बियाण्याचे म्हणाल, तर अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव आता घराघरांत आहे. शाळा न शिकलेल्या या बाईंनी गावठी वाणांचे बियाणे राखले, वाटले आणि दुसऱ्या बायकांना राखायला शिकवले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाणे राखणे हा तुमचा कायदेशीर हक्क आहे, हेही ध्यानात ठेवा. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने आपल्या शेतातले बियाणे राखायला, पेरायला आणि एकमेकांना द्यायला शेतकऱ्याला मुभा आहे. संकरित बियाणे मात्र दुसऱ्या वर्षी पेरू नका, ते फसवते.

बाईच्या हाती जमीन देण्याची कल्पनाही आपल्याकडे नवी नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरले. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, आणि जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांत नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. मी आज सात-बाराचे मागत नाही, जरी तेही कधी ना कधी करायला हवे. आज मी एवढेच मागतो, की एका एकराचा पेरा तिने ठरवावा.

हा एकर कसा पेरावा?

मध्यम जमीन आणि भरवशाचे पाणी नाही, असे धरून चाळीस गुंठ्यांची वाटणी सांगतो. आपल्या रानाप्रमाणे तिच्यात फेरफार करा.

पहिले वीस गुंठे: मृगाच्या चांगल्या ओलीवर मूग किंवा उडीद पेरा. सत्तर दिवसांत रान मोकळे होते आणि जमिनीला बेवड चांगला मिळतो. मग १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान रब्बी ज्वारी पेरा. ती परतीच्या पावसाच्या ओलीवर येते. हलक्या रानात फुले अनुराधा किंवा फुले माउली, मध्यम रानात फुले सुचित्रा किंवा मालदांडी, भारी रानात फुले वसुधा किंवा परभणी मोती घ्या. वीस गुंठ्यांना दोन किलो बियाणे पुरते. काणी येऊ नये म्हणून पेरणीपूर्वी किलोला चार ग्रॅम गंधक चोळा. कडेने करडईच्या दोन-तीन ओळी टाका. काट्यामुळे जनावर आत शिरत नाही आणि तेलही घरचे होते.

पुढचे दहा गुंठे: बाजरीच्या दोन ओळी आणि तुरीची एक. बाजरी लवकर निघते, मग तूर पसरते. शेंगा भरताना रानात पक्ष्यांना बसायला काठ्या रोवा. पक्षी अळ्या वेचतात, त्याची मजुरी मागत नाहीत.

राहिलेल्या दहांपैकी पाच गुंठ्यांत भुईमूग, तीळ, कारळे घ्या. शेवटचे पाच गुंठे भाजीचे. ते घराजवळ किंवा पाण्याजवळ असावेत. गवार, भेंडी, वांगी, चवळी, मेथी, चुका, अंबाडी घ्या, कुंपणावर दोडका, कारले, भोपळा चढवा, आणि कडेला शेवगा, कढीपत्ता व एक लिंबू लावा.

या एकरावर एक नियम पाळा. लाल त्रिकोणाची बाटली इथे आणायची नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. डोक्याएवढ्या उंच पिकात, तोंडाला फडकेही न बांधता, दोन-तीन औषधे एकत्र करून फवारा मारल्याने काय होते, ते त्या घरांना विचारा. घरच्या ताटात जाणाऱ्या भाजीसाठी निंबोळीचा अर्क पुरे. अर्धा किलो सुकी निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, थोडा साबणचुरा घाला आणि दहा लिटर पाणी करून संध्याकाळी फवारा. निंबोळ्या पावसाच्या तोंडावर वेचून, वाळवून ठेवा. त्या काही विकत मिळवायच्या नाहीत.

पीकपाणी बरे असेल, तर यातून दोन-अडीच क्विंटल ज्वारी, सत्तरएक किलो बाजरी, एक क्विंटल मूग-उडीद आणि चाळीस-पन्नास किलो तूर यावी. पाच माणसांच्या घराला आठवड्यातले तीन-चार दिवस भाकरी आणि वर्षाची बहुतेक डाळ झाली. एका गाईला काही महिन्यांचा कडबा झाला. सगळे घर यावरच जगेल, असे खोटे आश्वासन मी देणार नाही. उरलेल्या चार एकरांत तुमचे नगदी पीक जरूर घ्या.

तुम्ही म्हणाल...

तुम्ही म्हणाल, "ज्वारी काढायला माणूस मिळत नाही." खरे आहे. सलग पाच एकरांची काढणी अवघड जाते, पण वीस गुंठे चार घरांनी सावडीने दोन दिवसांत निघतात. मळणीयंत्र चौघांनी मिळून बोलवा. "पाखरे खातात." एकट्याच्या शेतात ज्वारी असली की सगळी पाखरे तिथेच उतरतात. दहा घरांनी एका शिवारात पेरली, तर नुकसान वाटून जाते आणि राखणही वाटून घेता येते. "जमीनच दोन एकर आहे." मग दहा गुंठे द्या. "जमीनच नाही." मग न्हाणीच्या पाण्यावरची परसबाग तरी करा, शेवग्याला कुठे सात-बारा लागतो?

एक अडचण मात्र पुरुष मंडळी सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. हा एकर बाईच्या डोक्यावरचे आणखी एक ओझे होऊ नये. पहाटे पाणी, दुपारी मजुरी, संध्याकाळी चूल आणि वर हा एकर, असे झाले तर तिला भाकरी मिळेल, पण ती खायला उसंत मिळणार नाही. एकर तिच्या विचाराचा असावा, पण त्यात राबणारे हात घरातल्या सगळ्यांचे असावेत. पाभर नवऱ्याने धरावी, भाजीला पाणी पोरांनी घालावे. बाजारात विकलेल्या भाजीचा पैसा मात्र तिच्याच हाती राहावा. आणि घरात शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या पानातही डाळ उरली पाहिजे. नाहीतर एवढा खटाटोप कशासाठी?

त्या औशाकडच्या घरी मी मुद्दाम पुन्हा गेलो होतो. सगळी हकीकत म्हातारीच्या सुनेपुढे मांडली आणि चूक माझी होती, हेही सांगितले. ती मान खाली घालून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "एकर नको साहेब. वीस गुंठे द्या म्हणते. ह्यांना विचारा." मी म्हटले, "मी कशाला विचारू? ते इथेच बसले आहेत, तुम्हीच विचारा." तिने विचारले. त्याने थोडा वेळ खाली बघितले आणि म्हणाला, "घे की."

गेल्या येळवशीला त्यांच्या कोपीच्या पेंढ्या घरच्या होत्या. भज्जीतले गाजर आणि वाटाणा बाजाराचे, बाकी सारे रानातले. म्हातारी आता राहिली नाही. पण वाढताना सुनेने एकेक जिन्नस बोटावर मोजून सांगितला.

येत्या येळवशीला, किंवा तुमच्याकडे जो सण असेल त्या सणाला, तुम्हीही असेच मोजा. पानातले किती जिन्नस आपल्या रानातले? यंदाचा आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवा. पुढच्या साली त्यात एकाची भर पडली, तरी माझे हे लिहिणे कामी आले म्हणेन. आणि बंधूंनो, पेरणीपूर्वी घरधनिणीला एकदा विचाराच, "तुला काय पेरायचंय?" हा प्रश्न विचारायला मला पंचवीस वर्षे लागली. तुम्ही तेवढा उशीर करू नका.